आडवं होऊन प्यायचं भांडं

आता सरांना काय म्हणावं! इतिहास शिकवून निवृत्त झाले, घरात पेपर वाचून वाचून कंटाळले आणि जुन्या दवाखान्यांतली काचेची भांडी गोळा करायला लागले. तो संग्रह गावच्या संग्रहालयाला द्यावा आणि तिथल्या नव्या दालनाला आपलं नाव लागावं, एवढीच काय ती इच्छा उरली होती. तिच्यापायी बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

घोडं अडलं होतं एका भांड्यावर. जाड काचेचं, बसकं, पोट सपाट आणि मान रुंद, तिरपी. हे कशासाठी होतं ते आधी सांगा, मग नावाचं बघू, असं संग्रहालयाच्या समितीने बजावलं होतं. समितीत अध्यक्ष, एक वास्तुरचनाकार आणि एक निवृत्त न्यायाधीश. डॉक्टर मुद्दामच घेतला नव्हता. डॉक्टर आले की वाद होतात म्हणे!

सरांची पद्धत सरळ होती. वस्तू वापरून बघायची. डोळे धुवायची वाटी त्यांनी अशीच ओळखली होती आणि तेव्हापासून त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"आजाऱ्याला उठवायला नको. निजल्या निजल्या पाजायचं भांडं आहे हे," सर बैठकीत म्हणाले. त्यात लिंबाचं सरबत ओतून ते कोचावर आडवे झाले आणि घटाघटा प्यायले. एक थेंब सांडला नाही! मग वास्तुरचनाकार आडवे झाले. न्यायाधीशांनी तर दोनदा घेतलं. शेवटी अध्यक्ष प्यायले, उठून बसले आणि तळाशी उरलेल्या पिवळसर सरबताकडे बघतच राहिले.

त्यांनी सरांना खिडकीपाशी ओढलं. "अहो, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या खाटेखाली अगदी हेच असतं, प्लास्टिकचं. लघवीला उठवायला नको म्हणून!"

सरांनी रुमालाने जीभच पुसून काढली. नावही गेलं आणि अब्रूही. "मग आता सगळ्यांना सांगायचं?"

"वेड लागलंय का? मी प्यायलोय त्यातून!" अध्यक्ष गर्रकन वळले. "पाजायचंच भांडं! दालनाला सरांचं नाव. एकमताने मंजूर."

सरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात न्यायाधीश तोंड पुसत म्हणाले, "प्रात्यक्षिक फार छान झालं हो. पाहुण्यांना दाखवलंच पाहिजे. दर रविवारी, सरांनीच."

"मंजूर," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

आता पाटीवर सरांचं नाव सोनेरी अक्षरांत झळकतं. दर रविवारी सर तिच्याखाली कोचावर आडवे होतात, डोळे घट्ट मिटतात आणि पितात. पाहुणे टाळ्या वाजवतात. मग एखादी आजी आपल्या नातवाला पुढे ढकलते. "जा रे, तूही एक घोट घेऊन ये."