अनुदानापुरती गोष्ट

बाईंनी चेलोची, त्या भल्याथोरल्या व्हायोलिनची, खुंटी उपसून काढली, तिच्यावर खडू घासला आणि ती पुन्हा भोकात दाबून बसवली. हवा बदलली की ही खुंटी सैल पडायची आणि तार रडवेला सूर काढायची. समोरच्या बुटक्या बाकावर न्यासाचे सचिव गुडघे वर करून बसले होते. मुलांचं वाजवणं त्यांनी मनापासून ऐकलं होतं, शेवटी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता मुलं गेली होती आणि सचिव अजून उठत नव्हते.

“वाजवतात छान,” ते म्हणाले. “पण खरं सांगू का बाई? छान सगळ्याच शाळा वाजवतात.”

बाईंनी तार छेडली, कान लावला, खुंटी अजून थोडी पिळली.

“यंदा अर्जांचा ढीग पडलाय. आमचे विश्वस्त सगळे म्हातारे. हजेरी, परीक्षा, प्रगती असलं काही वाचायला घेतलं की डुलक्या काढतात. त्यांना गोष्ट लागते. एखादं मूल, ज्याचं या वाद्यानं काहीतरी झालं. वार्षिक सभेत तुम्हाला बोलायला वेळ देतो. तेवढी एक गोष्ट सांगा.”

“आणि नसली सांगण्यासारखी तर?”

सचिव भले गृहस्थ होते. ते छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले आणि बाईंना काय ते कळलं.

सरकारी शाळेत संगीताची जागाच मंजूर नव्हती. वाद्यं न्यासाची, तारा न्यासाच्या आणि बाईंचा पगारही न्यासाचा. खोली तेवढी शाळेची. आधी तिथं मोडकी बाकं पडलेली असत. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक दारावरून जाताना विचारायचे, “बाई, आज कुठलं मांजर पकडलंत?” आणि त्यात खोटं काही नव्हतं, मुलं वाजवायचीच तशी. हल्ली मात्र ते किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च धरून, आवाज न करता दाराबाहेर थांबायचे आणि सूर संपल्यावर पुढं जायचे. तरी परवाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, न्यासानं हात काढला तर या खोलीत कंप्युटर येतील, माझा नाइलाज आहे.

या शाळेत येण्याआधी बाई एका मोठ्या हॉटेलात व्हायोलिन वाजवायच्या. लोक जेवत, त्या वाजवत. इतक्या वर्षांत कुणी हातातला चमचा खाली ठेवून ऐकलंय असं त्यांना आठवत नव्हतं. ही खोली गेली तर परत तिथंच जावं लागणार होतं. पण त्यांना खरी धास्ती होती ती मुलांची. गज कसा धरायचा हे आता कुठं त्यांच्या बोटांना कळू लागलं होतं.

गोष्ट नव्हती असं नाही. गोष्ट होती, आणि ती त्यांच्या हातातल्या चेलोचीच होती.

आज दुरुस्तीसाठी ठेवून गेलेला हा चेलो जी मुलगी वाजवायची, तिला सगळे मुंगी म्हणत. चेलो पाठीवर घेऊन ती घरी निघाली की मागून नुसती त्याची पेटी दिसायची आणि खाली दोन पाय. नाव मुलांनी ठेवलं होतं आणि तिनं ते खुशाल घेतलं होतं. “मुंगी आपल्यापेक्षा जड उचलते, माहितेय का?” असं वर तीच सुनावायची. बोलायला फटकळ, वाजवायला बसली की मात्र तिच्या कपाळावरची शीरसुद्धा हलायची नाही.

मध्यंतरी एकदा तार तुटली म्हणून ती शाळा सुटल्यावर थांबली होती. बाई नवी तार ओवत होत्या. मुंगी खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती आणि कुणी काही विचारलं नसताना बोलू लागली.

“दादा गेला ना बाई, तापानं, तेव्हापासून आई बोलत नाही.”

“कुणाशी?”

“कुणाशीच. डॉक्टर म्हणतात गळा चांगलाय. बाबा ट्रकवर असतात, ते येतात तेव्हा त्यांच्याशीपण नाही. दिवसभर मशीनवर शिवत बसते. पण मी वाजवायला लागले की मशीन थांबतं. मग ती येऊन दारात बसते. उंबऱ्यावर, चौकटीला डोकं टेकून. मी थांबले की परत जाते. म्हणून मी थांबतच नाही, हात दुखले तरी.”

बाईंचा हात तारेवर थबकला होता.

“कुणाला सांगू नका हं. नाहीतर लोक तिला बघायला येतील.”

“नाही सांगणार,” बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा ते अगदी खरं होतं.

सभेच्या दिवशी बाईंनी लिहून आणलेलं भाषण साधं होतं. मुलं किती नेमानं येतात, किती पुढं गेली, पुढं काय करायचंय. सभागृहात पुढच्या रांगांत देणगीदार, मधे शाळाशाळांची मुलं आणि मागे पालक. मंचामागे मुंगी गजाला राळ लावत बसली होती. आज तिनं केस पाणी लावून चोपून बसवले होते.

“बाई, आज एक गंमत आहे. पण आत्ता नाही सांगणार.”

“बरं, नंतर सांग,” असं म्हणून बाई मंचावर गेल्या. त्यांचं लक्ष आपल्या कागदाकडे होतं.

त्यांच्या आधी दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक बोलले. त्यांनी एका अनाथ मुलाची गोष्ट सांगितली आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पर्समधून रुमाल काढला. मग बाई उभ्या राहिल्या. त्यांनी हजेरीपासून सुरुवात केली. थोड्याच वेळात एका म्हाताऱ्या विश्वस्तांची हनुवटी छातीला टेकली. दुसरे शेजाऱ्याच्या कानाला लागले. कडेला उभे असलेले सचिव बाईंकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती पाहून बाईंना आपली खोली दिसली, भिंतीशी ओळीनं उभी केलेली वाद्यं दिसली. त्यांनी कागदाची घडी केली.

“आमच्याकडे एक मुलगी आहे,” त्या म्हणाल्या.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. नाव घ्यायचं नाही एवढं पथ्य त्यांनी पाळलं. बाकी सगळं सांगितलं. दादाचा ताप सांगितला, मुकी झालेली आई सांगितली, थांबणारं मशीन, उंबरा, चौकटीला टेकलेलं डोकं. आणि त्यांनी ते फार छान सांगितलं. एखादा सूर लांबवावा तशा त्या मधेमधे थांबत होत्या आणि सभागृह श्वास रोखून ऐकत होतं. डुलकी घेणारे विश्वस्त जागे होऊन पुढं झुकले होते. आजींचा रुमाल डोळ्यांपाशी गेला होता. हॉटेलात कधी न खाली ठेवले गेलेले ते सगळे चमचे जणू आज एकदम खाली ठेवले गेले.

मग मधल्या रांगेतल्या त्यांच्याच वर्गातल्या एका मुलानं मागं वळून पाहिलं. त्याचं बघून शेजारच्यानं पाहिलं. एकेक करत रांगच्या रांग मागं वळली आणि बाईंचीही नजर तिकडं गेली. शेवटच्या रांगेत, दारालगतच्या खुर्चीवर एक बारीकशी बाई कापडी पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण कपाळ मुंगीचं होतं.

बाईंच्या तोंडून पुढचं वाक्य आपसूक बाहेर पडलं, कारण ते तयार होतं. “संगीत काय करू शकतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मी काय देऊ?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच ती बारीकशी बाई उठली, खुर्ची न वाजवता मागं सारली आणि बाहेर गेली.

त्यानंतर मुंगीनं वाजवलं. ती एकाही जागी चुकली नाही. मान मात्र तिनं शेवटपर्यंत वर केली नाही, आणि वाकून नमस्कार करायचा असतो तोही केला नाही.

अनुदान मिळालं. नुसतं मिळालं नाही, वाढवून मिळालं. सचिव स्वतः सांगायला आले. “आणि तो चेलो त्या मुलीलाच देऊन टाका, कायमचा. विश्वस्तांची तशी इच्छा आहे.” मुख्याध्यापकांनी वर्गात पेढ्यासारखा चेहरा करून बातमी दिली आणि मुलांनी बाकं बडवली.

मुंगी त्या दिवशी चेलो पाठीवर घेऊन आली ती तासाला बसलीच नाही. सगळे जाईपर्यंत दारापाशी उभी राहिली. मग आत येऊन तिनं पेटी कोपऱ्यात उभी केली, राळेची डबी वर ठेवली, पुसायच्या फडक्याची घडी घालून तीही डबीवर ठेवली.

“मुंगे, मी चुकले गं,” बाई म्हणाल्या. “ती तिथं असेल असं मला...”

“तीच गंमत होती. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा बाहेर आली होती. मीच हट्ट केला होता.”

बाई तिच्या फ्रॉकची वळलेली कॉलर सरळ करायला गेल्या. मुंगीनं करू दिली.

“आता ती दारात नाही येत,” ती म्हणाली. “मी गज उचलला की आत जाते आणि नळ सोडते. पाणी वाहत राहतं. मग मी थांबते.” ती जायला वळली, आणि पुन्हा थांबली. “तुमचं काम झालं ना बाई?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोसला असता.

“झालं.”

“मग बरं.”

आठवडाभर चेलो कोपऱ्यात राहिला. शेवटी एका सकाळी बाईंनीच तो पाठीवर घेतला आणि मुंगीचं घर शोधत निघाल्या. पट्टे खांद्यात रुतत होते. हे ओझं घेऊन ती पोर रोज एवढं चालायची, आणि आपण कधी म्हटलं नाही की चल, चौकापर्यंत मी धरते. जिना अरुंद होता. पेटी भिंतीला घासू नये म्हणून त्या तिरक्या होऊन चढल्या. वर शिवणयंत्राची खडखड ऐकू येत होती. त्यांनी दार वाजवलं तशी ती थांबली.

दार मुंगीच्या आईनं उघडलं. गळ्यात टेप, ओठांत एक टाचणी. तिच्यामागे मुंगी वहीवरून मान वर करून बघत होती.

वाटेत बाईंनी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “हा तिचा आहे. कायमचा. आणि मी माफी मागायला आले.”

मुंगीच्या आईनं ओठांतली टाचणी काढली आणि पदराला टोचली. पेटीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. तिचा गळा हलला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला, न वापरलेला, खरखरीत.

“घेऊन जा.”

आत मुंगीच्या हातातली पेन्सिल पडली. आई मात्र बाईंकडेच बघत होती. तिनं दार हळूच लोटलं आणि आतून कडी लागली.

बाई जिन्यावर तशाच उभ्या राहिल्या. दाराआडून मुंगीचा आवाज आला, अगदी दबका, झोपलेल्याला हाक मारावी तसा.

“आई. परत बोल ना.”

बाईंनी पाठीवरच्या पेटीला मागं हात लावून धरलं, ती कुठं आपटून आवाज होऊ नये म्हणून, आणि कान देऊन थांबल्या.

“आई. मला काहीतरी बोल ना.”

खालून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतं. या भल्यामोठ्या पेटीमुळं त्याला वाट मिळेना. तो अर्ध्यावर थांबला, बाईंकडे बघत. आतून काहीच येत नव्हतं. बाईंनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या माणसाला जाऊ देण्यासाठी पेटी पोटाशी घेतली आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरू लागल्या.