माईनचा उतार

मादबा गावात आमच्या गल्लीत इसाम राहतो. शाळेत भूगोल शिकवतो. त्याची पांढरी गाडी वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी गल्लीतून जाणाऱ्याला आधी इसामचे पाय दिसत, बाकीचा इसाम गाडीखाली. इंजिन ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेक पॅड घालणं, सगळं तो स्वतः करी. लोक त्याला अबू पाना म्हणत, पान्याचा बाप.

आणि त्याच्या सख्ख्या बहिणीचा, नूहाचा नवरा बशीर, याचं अम्मानच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज होतं. चांगलं चालणारं.

"घरात डॉक्टर असताना हा दुकानातून गोळ्या आणून खातो," बशीर सगळ्यांसमोर म्हणायचा.

"डॉक्टरकडे गेलेला माणूस आजारीच निघतो," इसाम गाडीखालून उत्तर द्यायचा. "तुझ्याकडे आलेली एक तरी गाडी धडधाकट निघाली का, ते सांग."

लोक हसायचे, तेही हसायचे. पण आत धग होती. गॅरेजवाले नसलेलं काम काढतात, असं इसामचं पक्कं मत. आणि बशीरला वाटायचं, सख्खा मेहुणा माझ्याकडे येत नाही हे गावाला दिसतं, मग गाव माझ्याकडे का येईल? नूहाने दोघांसमोर हात टेकले होते.

थंडीच्या तोंडावर इसामच्या आईचे गुडघे पुन्हा धरले. माईनच्या गरम झऱ्यांत पाय सोडून बसलं की तिला बरं वाटतं. तिने फर्मान काढलं, "शुक्रवारी मला घेऊन चला. दोघांनीही यायचं. एकाने धरलं तर मी पाण्यापर्यंत पोचत नाही." त्या दिवशी बशीरची गाडी घेऊन नूहा अम्मानला गेली होती, म्हणून इसामची गाडी निघाली. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर झातरचा मसाला लावलेल्या रोट्यांचा डबा.

गाडीत बसण्याआधी बशीरने बोनेटवर हात ठेवला. "माईनला उतरायचंय. आधी गॅरेजवर जाऊ, चाकं उघडून बघतो."

"पॅड मी आत्ताच नवे घातलेत."

"पॅड ठीक आहेत रे. बाकीचं?"

"बाकीचं काय?"

बशीरने तोंड उघडलं आणि मिटलं. "काही नाही. चल," म्हणाला आणि पुढे उजवीकडच्या सीटवर येऊन बसला.

माईन गाव मागे पडलं की रस्ता एकदम खाली कोसळतो. एकीकडे कापलेला डोंगर, दुसरीकडे नुसती हवा, आणि खाली लांबवर मृत समुद्र. उतार असा की नवी गाडीसुद्धा कुरकुरते. इसाम तिसऱ्या गिअरमध्ये होता आणि ब्रेकवरचा पाय काढत नव्हता.

"गिअर खाली घे," बशीर म्हणाला. "ब्रेक तापतील."

"या रस्त्यावर मी तुला मिशी फुटायच्या आधीपासून गाडी चालवतोय."

"चालवत असशील. दुसरा टाक."

"भावजी, तुम्ही आपले बाहेर बघा. समुद्र छान दिसतोय."

आई मागून म्हणाली, "भांडायचं असेल तर मला उतरवा, मी चालत जाते." कोणी हसलं नाही.

दोन वळणं गेली. गाडीत जळकट वास यायला लागला. बशीर सीटच्या टोकाशी सरकून बसला. तिसऱ्या वळणाआधी इसामने ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. पार तळाला टेकलं. गाडी हळू झाली नाही. उलट वाढली.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. पाय नुसता आत जात होता.

"बशीर," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "ब्रेक नाही."

"मारत राहा पेडल. दुसरा टाक. जोरात!"

गिअर घासला, कर्कश ओरडला आणि बसला. इंजिनने हंबरडा फोडला, सगळे पुढे फेकले गेले. वळण समोर आलं. टायर किंचाळले, गाडी दरीच्या बाजूला झुकली आणि कशीबशी वळली. आईचा डबा सुटून रोट्या खाली सांडल्या.

"मार जिरियस," आई आपल्या संताचा धावा करत पुटपुटत होती. "मार जिरियस, माझी लेकरं."

बशीरने हँडब्रेकची मूठ पकडली, तिचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. "हा मी बघतो. तू फक्त रस्ता बघ. पहिला पडतोय का बघ."

"नाही पडणार!"

"पडेल. मी ओढतो, तू टाक. आता!"

त्याने मूठ ओढली, सोडली, परत ओढली. मागची चाकं थरथरली. इसामने अख्खं अंग लावून गिअर ढकलला. पहिला पडला. इंजिन फुटेल असं वाटलं, पण वेग तुटला. आणि पुढच्या वळणावर खालून चढणारी मिनीबस दिसली. रस्त्याच्या मधोमध, माणसांनी भरलेली.

इसामने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मिनीबसवाल्याला कडेला घ्यायला जागाच नव्हती.

"डोंगराला घास," बशीर ओरडला. "उजवीकडे! घास!"

इसामने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. वडिलांच्या गाडीची सगळी उजवी बाजू दगडावर खरडत गेली, बशीरच्या कानाशी काच फुटली. डोंगरावरून ढासळलेल्या खडीचा ढीग पुढे होता, त्यात नाक घुसलं आणि गाडी थांबली. मिनीबस आरशाला आरसा घासत वर गेली. थोडं पुढे जाऊन तीही थांबली.

मग आई म्हणाली, "इसाम, दार उघड. माझे पाय थरथरतायत, पण आहेत जागेवर."

तिला उतरवून सावलीत दगडावर बसवलं. मिनीबसमधल्या एका बाईने तिला पाणी दिलं. बशीरच्या गालावर काचेने चिरलं होतं; त्याने बाहीने पुसलं. इसाम खडीवर उकिडवा बसला, दोन्ही हात काखेत दाबून.

"पॅड मी घातले," तो म्हणाला. "माझ्या या हातांनी. आईला मीच मारलं असतं."

बशीर गाडीकडे वळला. चाकाजवळ वाकला, फटीतून आत बघितलं. मग बोनेट उचलून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. ऑइल काळं होतं, कॉफीच्या गाळासारखं. झाकण हातात धरून तो तसाच उभा राहिला.

त्या क्षणी बशीर गप्प बसला असता तर कायमचा जिंकला असता. इतक्या वर्षांचा वाद त्या उतारावरच संपला असता आणि गाडी मुकाट्याने गॅरेजला आली असती. इसाम मान खाली घालून बसलाच होता.

"पॅड बरोबर बसवलेत तू," बशीर म्हणाला. "माझ्या माणसांनीसुद्धा असेच बसवले असते."

"मग?"

"ब्रेक ऑइल. जुनं झालं की हवेतलं पाणी ओढून घेतं. तापलं की उकळतं, आणि मग पेडलखाली वाफच उरते."

इसामने वर बघितलं. "पण ते तर तू बदललं होतंस. मी ऑपरेशनला दवाखान्यात होतो, तेव्हा आईने गाडी तुझ्याकडे पाठवली होती. सगळं केलं म्हणालास."

"म्हणालो." बशीरने झाकण हळूच परत लावलं. "नव्हतं केलं. त्या दिवशी दारात गाड्यांची रांग होती. वरून थोडं ओतलं आणि नूहाला सांगितलं, झालं सगळं."

इसाम उठला. बशीरपाशी गेला आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरली. मिनीबसवाला पुढे आला, पण आईने हाताने त्याला थांबवलं.

"तुला माहीत होतं," इसाम म्हणाला. "सकाळी माहीत होतं. तरी आईला मागे बसू दिलंस?"

"मला वाटलं, त्यानंतर तू बदललं असशील. तू सगळंच बदलतोस. सांगणार होतो, पण तुझ्यासमोर... नाही निघालं तोंडातून."

"मी ते नाही बदललं." इसामची पकड ढिली झाली. "एकट्याला जमत नाही ते काम. आणि ते तू केलं होतंस ना. तेवढं एक मी परत बघितलं नाही."

कॉलर सुटली. बशीर वळला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

आईने दोघांना हाक मारली. "एक म्हणतो त्याने केलं असेल, दुसरा म्हणतो याने केलं असेल. आणि मागे मी बसलेय, रोट्या सांभाळत." तिने नाक पुसलं. "गिअर खाली घे म्हटलं तेव्हा तू ऐकलं नाहीस, इसाम, तेही मी ऐकलंय. आता कोणीतरी मला पाण्यापर्यंत न्या. एवढं झाल्यावर गुडघे न भिजवता मी घरी जाणार नाही."

खाली जाणाऱ्या एका पिकअपवाल्याने तिला पुढे बसवून झऱ्यांवर नेलं. मिनीबसमधली ती बाईही सोबत गेली. हे दोघे ओढून नेणाऱ्या गाडीची वाट बघत खडीवर बसून राहिले.

नंतर कित्येक शुक्रवार बशीर सासरी आला नाही. गल्लीत इसामने एवढंच सांगितलं, "जुनी गाडी, ब्रेक गेले." बशीरचं नाव त्याने काढलं नाही. ते बशीरनेच काढलं. रांगेच्या त्या दिवसांत हातून गेलेल्या जेवढ्या गाड्या आठवल्या, त्यांच्या मालकांना त्याने फोन करून परत बोलावलं आणि ब्रेक ऑइल फुकट बदलून दिलं. लोकांनी कारण विचारलं तर सांगितलं. काही गिऱ्हाइकं तुटली. जे आले त्यांनी आम्हाला सांगितलं.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर इसाम चालत गॅरेजवर गेला. उतारावरून ओढून आणलेली पांढरी गाडी आत लिफ्टवर होती, उजवी बाजू अजून खरवडलेलीच.

"नवं ऑइल आणलंय," इसाम म्हणाला. "माझ्यासमोर कर."

"समोर उभा राहून काय करशील? नळीतली हवा काढायला पेडल दाबणारा माणूस लागतो. आत बस."

बशीरने लिफ्ट खाली घेतली, इसाम चढून सीटवर बसला. बशीर चाकाशी आडवा झाला, आता त्याचे पाय तेवढे बाहेर.

"दाब," बशीर म्हणाला. "धर. धरून ठेव... सोड."

काळं ऑइल नळीतून बाटलीत आलं, मग तपकिरी, मग बुडबुडे. चारही चाकं झाली, ऑइल पाण्यासारखं स्वच्छ यायला लागलं. पेडल पायाखाली घट्ट लागत होतं.

"झालं," बशीर म्हणाला.

इसामने पेडलवर पाय ठेवून बघितला. "परत एकदा सगळं कर."

बशीरने वर बघितलं. मग तो पाना उचलून पहिल्या चाकाशी जाऊन आडवा झाला.

"दाब," तो म्हणाला.