आबर्डीनच्या भिंतीतलं भोक

आकारामनं आजवर न बघता एकही जनावर घेतलं नव्हतं. आधी दात बघायचे, मग कास चाचपायची, मग दोन्ही वेळची धार स्वतःच्या हातानं काढायची, आणि एवढं करून मन भरलं तरच कासरा हातात घ्यायचा. त्यामुळं राजारामपुरीतल्या दुकानात वसंतनं काचेवर पांढरा अडॅप्टर ठेवला, तेव्हा तो साहजिकच म्हणाला, "चालवून दावा."

वसंतचं मोबाईलच्या वस्तूंचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पण इथं तो अडला.

"मामा, हा इथं चालत नाही. ह्याच्या पिना चौकोनी आहेत. हा तिकडच्या बोर्डात बसतो."

"मग तिकडचा बोर्ड काढा."

"तिकडचा बोर्ड तिकडं आहे."

"म्हंजी म्हस दावायची न्हाय आन् कासरा तेवढा इकायचा," आकाराम बायकोकडं वळून म्हणाला.

झुंबरबाई स्टुलावर बसली होती. पायाशी दोन पिशव्या. एकीत कांदा-लसूण चटणी, दुसरीत डिंक आणि अळीव. "घ्या की वो एकदाचा," ती म्हणाली. "लेकीचं बाळंतपण हाय का ह्या पिनीचं?"

लेक, पूर्णिमा, स्कॉटलंडात आबर्डीनला नर्स होती. दिवस भरत आले होते आणि आईवडिलांची तिकिटं काढून झाली होती. झुंबरबाईची तयारी कधीच संपली होती. आकारामची एका गोष्टीवर अडली होती, ती म्हणजे हौशी.

हौशी ही त्याची मुरा म्हैस. आकारामचा आवाज कानावर पडल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. त्यानं शेजारी उभं राहून "हौशे, सोड गं बाय, सोड" म्हणायचं, मग तिचे कान हलायचे आणि धार सुरू व्हायची. तो आवाज नसताना कुणी हात लावला की लाथ. जावयानं यावर उपाय काढला होता. राधानगरीच्या अलीकडं असलेल्या त्यांच्या गोठ्यात त्यानं कॅमेरा बसवून दिला. फोनवर बोललेलं गोठ्यात ऐकू जायचं. आता आकारामनं आबर्डीनमधून बोलायचं, हौशीनं ऐकायचं आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको बनाबाई हिनं धार काढायची, असं ठरलं होतं. म्हणजे म्हैस फोनवर अवलंबून, फोन चार्जिंगवर आणि चार्जिंग आबर्डीनच्या भिंतीतल्या भोकावर.

वसंतनं दुसरा अडॅप्टर काढला. ह्याच्या पोटातून निरनिराळ्या पिना बाहेर सरकत होत्या. "हा घ्या. दीडशे देशांत चालतो."

"मला एका देशात जायचंय. दीडशे घरचं पाणी प्यालेलं मला नगं."

शेवटी झुंबरबाईनं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पूर्णिमानं पोट सावरत फोन भिंतीजवळ नेला. तीन चौकोनी भोकं दिसली, एक वर आणि दोन खाली.

"आबा, हे बघा. आणि मी म्हणते, तुम्ही आणूच नका. इथं कुठल्याही दुकानात मिळतो, मी आणून ठेवते."

"तू अवघडलेली, दुकानं हिंडू नगंस. आन् फोटूत म्हशी समद्याच चांगल्या दिसत्यात."

"आबा, ही म्हैस नाही, प्लग आहे."

"त्येच म्हनतोय मी. प्लगाची तर मला कायच पारख न्हाय."

 पूर्णिमानं आईला सांगितलं, "तूच बघ गं," आणि फोन ठेवला.

परदेशी पाहुणे उतरतात अशा हॉटेलात तसं भोक असेल, असं वसंतला वाटलं. दोघं रिक्षानं स्टेशनकडच्या एका मोठ्या हॉटेलात गेली. काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, "रूम हवी आहे का सर? डबल बेड?"

"रूम नगं. भित दावा."

मुलीनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं, झुंबरबाईच्या पिशव्यांकडं पाहिलं आणि बहुधा या दोघांपासून हॉटेलाला धोका नाही असं त्याला वाटलं. त्यानं स्वतः एक रिकामी खोली उघडली. वसंतकडून उसना आणलेला अडॅप्टर आकारामनं भोकात घातला. गेला. मॅनेजरनं कौतुकानं आपला साधा चार्जर घातला. तोही गेला. एका जपानी पाहुण्याचा राहिलेला चपट्या पिनांचा चार्जर होता, तोही गेला.

"आमच्याकडं सगळं बसतं," मॅनेजर म्हणाला.

आकारामचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "जे भोक कुनालाच न्हाय म्हनत न्हाय, त्यात घालून काय कळायचं?"

"तुमी असं करा," झुंबरबाई म्हणाली, "हितंच ऱ्हावा. मी एकटी जातो. नातवंडाला सांगतो, आज्जा भोक हुडकतोय."

तिला राग आला होता खरा, पण रिक्षात बसल्यावर ती त्याच्याकडं पुन्हापुन्हा बघत होती. गुळाच्या भावावरून व्यापाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस मांडीवर प्लग घेऊन गप्प बसला होता.

तोवर वसंतलाही चेव चढला होता. दुकान त्यानं भावाच्या हवाली केलं होतं आणि दारात उभा राहून तो यांची वाट बघत होता. "मामा, आठवलं! कागलला गणपतराव आहेत. शारजाला होते, तिकडंही हाच चौकोनी भोकांचा बोर्ड असतो. माझ्याकडून उलटे अडॅप्टर नेतात, खोक्यानं."

"उलटं म्हंजी?"

"म्हणजे तिकडचा बोर्ड आणि इकडची वस्तू. घरी गेलात की कळेल."

त्यानं लगेच फोन लावला. पलीकडच्या गणपतरावांना आधी विश्वासच बसेना. "माझा बोर्ड बघायला माणूस येतोय? बोर्डच ना? जेवायलाच या म्हणावं!"

हायवेपासून थोडं आत, "शारजा" नावाच्या बंगल्याच्या फाटकात गणपतराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. शारजात ते एका कंपनीचं विजेच्या सामानाचं गोदाम सांभाळायचे. परत येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. गणपतरावांनी लाकडी पेटीभर बोर्ड आणले आणि बंगला बांधताना भिंतीभिंतीत बसवले. त्या दिवसापासून कोल्हापूर जिल्ह्यात विकत मिळणारी कुठलीच वस्तू त्यांच्या घरात सरळ बसत नव्हती. मिक्सरला अडॅप्टर, फ्रिजला अडॅप्टर, डास मारायच्या मशीनलाही अडॅप्टर. पाहुणे फोन चार्ज करायला शेजारी जायचे.

"हा हॉलचा," गणपतराव दाखवत होते. "हा देवघरातला. ह्याला पितळी कड हाय, बघा."

आकाराम वाकून वाकून बघत होता. त्याला एकदम बरं वाटायला लागलं. गोठा दाखवणारा माणूस कसा बोलतो ते त्याला माहीत होतं, आणि हा अगदी तसाच बोलत होता. "जित्राब चांगलं राखलंय," तो मनापासून म्हणाला. गणपतरावांचे डोळे भरून आले.

त्यांची बायको बयाबाई तांबडा-पांढरा रस्सा वाढून मागं उभी होती. ती झुंबरबाईला म्हणाली, "वैनी, तुमचं मालक कवा जाणार शारजाला?"

"स्कॉटलंडला."

"कुटंबी जाऊ द्या. जाताना ह्यास्नी बी न्या. आन् बोर्ड बी न्या."

जेवण झालं, सुपारी झाली, धारेची वेळ झाली आणि मग परीक्षा सुरू झाली. फोनची बॅटरी आकारामनं मुद्दाम उतरवून आणली होती. त्यानं अडॅप्टर भोकाशी नेला आणि खालून दाबला. जाईना.

"तसं न्हाय," गणपतराव म्हणाले. "आत दारं हैत. वरची मोठी पिन आधी शिरत्या, ती दारं उघडत्या, मग खालच्या दोन जात्यात. पोरांनी बोटं घालू नयेत म्हणून."

"म्हंजी कडी काढल्याबिगर कवाड उघडत न्हाय." आकाराम खूश झाला. ह्या भोकाला नाही म्हणता येत होतं. त्यानं अडॅप्टर नीट धरला आणि बैलाला दावणीला ढकलावं तसा अंगाचा भार टाकून आत रेटला. त्यात चार्जर घातला, बटण दाबलं. फोन उजळला.

कॅमेरा उघडला. पडद्यावर गोठा आला. बनाबाई बादली घेऊन हौशीजवळ बसली होती आणि हौशी पाय झाडत होती.

"हौशे," आकाराम फोनवर वाकून म्हणाला. "हौशे, सोड गं बाय. सोड."

हौशीनं मान वळवली आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. कान हलले. बादलीत धार वाजायला लागली. कागलच्या हॉलमध्ये चार माणसं श्वास रोखून ती ऐकत होती.

"माझ्या बोर्डावर!" गणपतराव म्हणाले. "राधानगरीची म्हस माझ्या बोर्डावर पान्हा सोडत्या!"

पास झाला म्हणून आकारामनं अडॅप्टर काढायला घेतला आणि तो निघेना. गणपतरावांनी ओढला. वसंतला फोन झाला, तो म्हणाला हलवून काढा. दोघांनी मिळून हलवला, ओढला, मग गणपतरावांनी भिंतीला पाय लावला आणि खसकन पूर्ण बोर्डच बाहेर आला. मागं तारा लोंबत होत्या आणि फरशीवर गिलाव्याचा ढीग पडला होता.

बयाबाईनं शांतपणे जाऊन मेन स्विच बंद केला. येताना ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. "एक निघालाय," ती म्हणाली, "तर आता बाकीचंबी काढा."

"हात लावू नगंस बोर्डास्नी!"

"मी मिक्सर लावताना तीन येळा हात लावतोय त्येला रोज!"

झुंबरबाईनं तिला कसंबसं स्वयंपाकघरात नेलं. हॉलमध्ये आकाराम सोफ्यावर बसला होता, मांडीवर तो बोर्ड आणि त्यात घट्ट रुतलेला अडॅप्टर. त्याला फार अपराध्यासारखं झालं होतं. गणपतराव शेजारी बसले. म्हणाले, "पावणं, खरं सांगा. एवढ्याशा पिनीसाठी कोन कागलला येतंय व्हय?"

आकारामनं बोर्डावरची धूळ पुसली. "विमानाचं भ्या न्हाय मला," तो म्हणाला. "पर तितं जाऊन मी करायचं काय? हितं उठलो की म्हस हाय. श्यान हाय, वैरन हाय. तितं उठलो की नुसती भित. हिला काम हाय, पोरीला बाळ हाय. मला काय हाय?"

गणपतरावांनी मान हलवली. "मी पयल्या दिवशी शारजात चार्जर घेऊन खोलीभर फिरलो. कुटंच बसंना. घराकडं फोन न्हाय. हिला वाटलं मी मेलो."

"मला वाटलं पळाला," आतून बयाबाईचा आवाज आला.

"शेजारच्या खाटंवर एक मल्याळी होता. त्याची भाषा मला कळंना, माझी त्याला कळंना. त्यानं माझा चार्जर बघितला, हसला आन् आपला अडॅप्टर काढून दिला. दिवाळीला त्यो अजून फोन करतोय. काय बोलतोय ते अजून कळत न्हाय." गणपतरावांनी त्याच्या मांडीवरचा बोर्ड उचलून बाजूला ठेवला. "तुमालाबी कोनतरी गावंल की."

संध्याकाळी कोल्हापुरात परत आल्यावर आकाराम सरळ वसंतच्या दुकानात गेला. पहिल्या अडॅप्टरचं काय झालं ते त्यानं सांगितलं आणि म्हणाला, "तसलाच दुसरा द्या."

"चालवून नाही बघायचा?"

"नगं. ह्येचं घरानं बघून आलोय."

दोघं आबर्डीनला पोहोचली आणि पूर्णिमाला मुलगी झाली. अडॅप्टर भिंतीत बसला. बाहेर काढताना जावयाला थोडा जोर लावावा लागला, पण भिंत टिकली. गावाकडं संध्याकाळच्या धारेची वेळ झाली की तिकडं दुपार असायची. आकाराम खिडकीजवळ फोन लावून बसायचा आणि "हौशे, सोड गं बाय" म्हणायचा. पहिले काही दिवस हौशी त्याच्याकडं बघायची. मग तिनं नुसते कान हलवायला सुरुवात केली. मग तेही थांबलं. एक दिवस त्यानं तोंड उघडायच्या आधीच बादलीत धार वाजायला लागली आणि बनाबाईनं बादली कॅमेऱ्यासमोर धरली. काठोकाठ भरली होती, त्याच्या हाताखाली कधी भरत नव्हती एवढी.

आकाराम दोन दिवस नीट जेवला नाही.

"म्हस हाय ती," झुंबरबाई म्हणाली. "तुमची बायको न्हवं, वाट बघत बसायला."

"पानी घालत्याय बनी," तो म्हणाला. आतल्या खोलीत नात रडायला लागली होती. पूर्णिमा झोपेत होती आणि झुंबरबाईचे हात पिठात होते, म्हणून तोच उठला. पोरीला खांद्यावर घेऊन तो खिडकीशी उभा राहिला. समोरच्या अंगणात एक म्हातारा कुत्र्याला आंघोळ घालत होता. त्याला ते जमत नव्हतं. कुत्रं सारखं निसटत होतं.

आकारामनं बराच वेळ बघितलं. "मागनं धर की लेका," तो काचेतून म्हणाला, आणि पायात चपला शोधायला लागला.