सुकीच्या तराजूतला दगड

मी दगड बोलतोय. हसू नका. रस्त्यात ठेच लागली की तुम्ही ज्याला शिव्या देता, त्याच जातीचा. काळा, जड, एका अंगाला पांढरे खडे चमकणारा. पण तलासरीच्या बाजारात मी तीस वर्षं 'दोन किलो' म्हणून मिरवलोय.

माझी आठवण पाड्याखालच्या ओढ्यापासून सुरू होते. शुक्री नावाच्या म्हातारीला भाजी विकायची होती, पण माप घ्यायला पैसे नव्हते. तिनं एका दुकानदाराचं दोन किलोचं माप घटकाभर मागून आणलं, एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात ओढ्यातला एकेक दगड ठेवत गेली. आठवा दगड मी. दांडी सरळ झाली आणि मी त्या घरचा झालो.

शुक्रीचा एक नेम होता. तोलून झालं की वरून एक मूठ टाकायची. "गिऱ्हाईक आपल्या दगडावर भरवसा ठेवतं," ती सुनेला सांगायची. शुक्री गेली, सून सुकी बाजारात बसू लागली, आणि वाल असोत की तूर, वरची मूठ काही चुकली नाही. पाऊस असो, माल कमी असो, मूठ पडायचीच. मला तिचं फार नवल वाटायचं.

मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीन हलू लागली. आधी गडगड, मग धक्का. पाड्यातली माणसं थंडीत अंगणात निजू लागली. एका धक्क्यात मी फळीवरून घरंगळलो तो सुकीच्या लेकीच्या, हर्षदाच्या पायाशी. तेव्हा ती सातवीत होती. सगळे बाहेर पळाले, ही मला उचलून विचारते, "खाली कोण हलवतंय रे?" मला कुठं ठाऊक!

पुढं धक्के मोजायचं यंत्र लावायला एक बाई शाळेत आल्या. हर्षदानं मला त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी भिंगातून माझे पांढरे खडे पाहिले आणि म्हणाल्या, "हा तापलेल्या रसाचा झालाय. साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

मी थक्क झालो. साडेसहा कोटी! आणि मला ओढ्याआधीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्या दिवसापासून हर्षदाला भूगर्भशास्त्राचं वेड लागलं.

गेल्या वर्षी ती बारावी झाली. थोरला भाऊ संदीप हद्दीपलीकडं गुजरातच्या कंपनीत होता. त्यानं तिथंच तिची जागा ठरवून टाकली. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि कॉलेजात नाव घालायचा शेवटचा दिवस होता शनिवार.

"आये, मला जमिनीच्या पोटातलं शिकायचंय," हर्षदा म्हणाली.

"तोलून बघू," सुकी म्हणाली. तिला लिहिता येत नाही, पण तराजू येतो. तिनं चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे दहा हजार.

संदीपनं हिशेब सांगितला. तीन वर्षांची फी, खोली, एसटी, पुस्तकं मिळून बारा चिंचोके. तीन वर्षं कंपनीचा पगार बुडणार, महिना दहा हजार, त्याचे छत्तीस. एक पारडं जमिनीला टेकलं.

"आता कमाई सांग," सुकी लेकीला म्हणाली.

हर्षदा खोटं बोलली नाही. "नुसत्या पदवीवर पंधरा हजारांची नोकरी मिळेल. तोवर कंपनीत बारा झाले असतील. म्हणजे महिन्याला तीन हजार जास्त. पाच वर्षांचे अठरा चिंचोके. पुढं आणखी दोन वर्षं शिकले तर वाढतील, पण खर्चही वाढेल."

अठरा चिंचोके पडले. दांडी जागची हलली नाही.

"बघ, नाय परवडत," संदीप म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा काळजी होती. हर्षदा मान खाली घालून मला कुरवाळत बसली. मला तिच्यासाठी रडू येत होतं. दगडाला रडता येत नाही एवढंच.

सुकीनं त्या पारड्याकडं पाहिलं. मग तिनं पिशवीत हात घातला आणि कमाईच्या पारड्यात वरून मूठभर चिंचोके टाकले.

"आये, हे कसले?" संदीप चकित झाला.

"वरची मूठ. बाजारात लोकांना रोज देते. माझ्या पोरीला नको द्यायला?"

मूठ पडूनही पारडी बरोबर झाली नव्हती. पण शनिवारी हर्षदा कॉलेजात गेली, आणि पहिल्या सुट्टीनंतर परतताना मला पिशवीत घालून घेऊन गेली. सुकीनं बाजारासाठी लोखंडी माप घेतलं.

प्रयोगशाळेत मला काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवलं. आकडे उमटले: एक हजार नऊशे चाळीस. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. म्हणजे त्या दुकानदाराचं मापच हलकं होतं, आणि मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना फसवत होतो! शरमेनं मला फुटून जावंसं वाटलं.

हर्षदानं घाबरतच फोन लावला. "आये, आपला दगड साठ ग्रॅम कमी हाय."

पलीकडून सुकीनं विचारलं,

"साठ ग्रॅम म्हणजे किती गं?"

"छोटी वाटी भरून वाल."

"मग काय नाय," सुकी म्हणाली, "माझी मूठ त्याहून मोठी हाय."

आता मी फडताळात असतो. अंगावर चिठ्ठी आहे: बेसाल्ट, तलासरी, १९४० ग्रॅम. पोरंपोरी येतात, माझं वय वाचून तोंडात बोट घालतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. चिठ्ठीवर वजनाच्या खाली थोडी जागा रिकामी आहे. तिथं सुकीची मूठही लिहा.