घरपोच स्थळं

तयार टेम्प्लेटवर वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला मी डेव्हलपर मानत नाही. हे मी ऑफिसात, घरात, आणि कोणी विचारलं नसतानाही सांगत आले आहे. त्यामुळे आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची वेबसाइट करायची ठरली, तेव्हा मी जाहीर केलं, की एकेक ओळ स्वतः लिहीन.

ठरवली होती बाबांनी. बाबा, म्हणजे बळीराम, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले आणि मेळाव्याच्या समितीचे सचिव. दरवर्षी समिती स्थळांची पुस्तिका छापते. मागच्या वर्षी एका मुलीच्या माहितीवर तिच्या मामाचा फोटो छापून आला, मिशांसकट. म्हणून यंदा बाबांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "पुस्तिका छापूच नका. माही करिष्मा इंजिनियर आहे, सब कुछ ऑनलाइन येईन." अध्यक्ष दौलतरावांनी प्रेसवाल्याला नाही म्हणून कळवलंसुद्धा. आता वेबसाइट झाली नाही, तर मेळाव्यात दाखवायला एकही स्थळ नव्हतं, आणि बाबांना समाजात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

मी कामाला लागले. दोन महिन्यांत पासवर्ड तीनदा तपासणारं लॉगिन केलं. एका वेळी लाखभर माणसं आली तरी कोसळणार नाही अशी व्यवस्था केली. मेळाव्याला चारशे माणसं येतात. पहिल्या पानावर मात्र ‘काम सुरू आहे’ एवढंच होतं, तेही सुरेख अक्षरात.

दहा दिवस उरले तेव्हा बाबांनी जेवताना विचारलं, "कुठवर आलं बेटा?"

"पाया भरून राहिली, बाबा."

"दोन महिन्यांपासून पायाच भरून राहिली का?" आई म्हणाली.

बाबा अर्ध्या ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मी नेहमी करते तेच केलं. सगळा कोड पुसून नव्यानं लिहायला घेतला.

चौथ्या दिवशी दुपारी आईनं मोबाइल माझ्यासमोर धरला. आई, पंचफुला, आठवी शिकलेली. मोबाइलवर वेबसाइट होती. स्थळं होती, फोटो होते, फॉर्म भरला की नाव लगेच चढत होतं.

"कोणी केली ही?"

"मीच केली. फुकट भेटते. आपलं नाव टाका, फोटो टाका, बस."

मी नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, हे टेम्प्लेट हॉटेलचं आहे."

"मालूम आहे मले. लग्नाच्यामंधी नुसते गोरे नवरा-नवरी, बर्फात उभे. याच्यात फोटो गोल येते, खाली माहिती येते. अजून का पायजे?"

स्टार्टर, मेन कोर्स आणि मिठाई खोडून तिनं ‘नोकरीवाले’, ‘धंदेवाले’ आणि ‘शिकून राहिलेले’ असे भाग केले होते. एक हिरवं बटण तेवढं तिला काढता आलं नव्हतं. प्रत्येक स्थळाखाली ते होतं: ‘घरपोच मागवा’.

ते काढायला मी बसले, तोवर तिनं लिंक ‘करिष्मानं केली’ असं लिहून समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकली होती. संध्याकाळपर्यंत रेल्वेतल्या प्रफुलसाठी अकरा मागण्या आल्या. ‘विशेष सूचना’च्या रकान्यात मरोद्याच्या शेषरावांनी लिहिलं होतं, ‘रविवारी चारनंतर पाठवावा. सोबत आईवडील. आत्या नको.’ लोकांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मुलगी बघायला मुलगा घरी येतोच. आजवर मुलीकडच्यांना तो कधी येतो याची वाट बघावी लागायची, आता बटण दाबून बोलावता येत होतं. मी मुकाट्यानं बटणावरचा हात काढला.

मेळावा पावर हाउसजवळच्या हॉलमध्ये भरला. बुद्धवंदना झाली. दौलतरावांनी सांगितलं, की दोनशे साठ स्थळं आली, सदतीस घरभेटीसुद्धा ठरल्या. बाबांनी माईक घेतला. "माह्या पोरीनं एकेक ओळ सोता लिहिली," ते म्हणाले, आणि माझ्या सत्काराची शाल आली.

घरून निघताना आईनं बजावलं होतं, "चूप राहजो. तुह्या बाबाची इज्जत आहे." ती आता मागे भटारखान्याच्या दारात उभी होती, दरवर्षीसारखीच, पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ही मी नाही केली," मी माईकवर म्हटलं. "माझी अजून बनूनच राहिली. ही आईनं केली, चार दिवसांत. टेम्प्लेटवर."

दौलतरावांनी बाबांकडे पाहिलं. "बळीरामजी, तुमी तर म्हणत होते..."

बाबांनी शाल माझ्या हातातून घेतली, मंचावरून उतरले, रांगांमधून थेट भटारखान्याच्या दारापर्यंत गेले, आणि आईचं मनगट धरून तिला वर घेऊन आले. शाल त्यांनी तिच्या खांद्यावर टाकली.

"मले माहीतच नव्हतं," ते माईकवर म्हणाले. "वीस वर्षांपासून मी इथं भाषण देऊन राहिलो, अन् ही मागं उभी. आज हिचं ऐका."

आईनं माईकपासून तोंड फिरवून हळूच सांगितलं, "अहो, कढईत पुऱ्या आहेत. जळून जातीन."

"जळू दे," बाबा म्हणाले.