दह्याच्या डब्याचा घुमट

मी एक रोमन देऊळ. राहणार एडिसन, न्यू जर्सी. सध्या मुक्काम फ्रिजवर. माझा घुमट दह्याच्या डब्याचा आणि खांब कागदी किचन टॉवेलच्या नळ्यांचे.

मला पहिल्यांदा बांधलं ते पाचवीतल्या स्वानंदीनं. रोमचं एक जुनं देऊळ कसं बांधलं, ते तिला शाळेत सांगायचं होतं, मला समोर ठेवून. चार दिवस जीभ बाहेर काढून ती मला चिकटवत होती.

पाचव्या दिवशी ती शाळेत गेली आणि तिच्या आईला, नैनाला, माझी काळजी लागली. उद्या न्यायचंय आणि रंग अजून ओला! खाली ठेवलं तर पाय लागेल, वर ठेवलं तर पडेल. म्हणून तिनं मला काचेच्या शेगडीवर ठेवलं. या शेगडीला ज्वाळ नसते. नुकताच तिच्यावर चहा झालाय, काच अजून तापलेली आहे, हे बिचारी विसरली.

पुठ्ठा करपल्याचा वास आला, तोवर खांब काळे आणि घुमट वाकडा.

"अगं बाई! आता पोरीला काय तोंड दाखवू?" ती मलाच विचारत होती.

स्कूलबस यायला पाच तास होते. नैनानं दह्याचा भरलेला डबा पातेल्यात उपडा केला, टॉवेल उलगडून नळ्या काढल्या, पोरीच्या वहीतलं चित्र बघत मला उभं केलं. माझ्या कपाळावर स्वानंदीचं नाव लिहिलं, आधीच्या जळक्या पट्टीवरून एकेक इंग्रजी अक्षर उतरवून. चित्रात होतं तसं घुमटाला मधोमध भोक पाडलं. पण पाऊस आत येईल, म्हणून तिथे कणकेचा कळस बसवला.

स्वानंदी आली, दारातच थांबली.

"आई, हे माझं नाहीये."

नैनानं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली.

स्वानंदीनं माझ्या कपाळावरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "मग नाव माझं का? बनवलं तर तू."

"तुझंच आहे गं ते. मी नुसती दुरुस्ती केली."

"ओ माय गॉड, आई! रोममध्ये सेम झालं! आधीचं देऊळ जळलं, नंतर एका राजानं नवीन बांधलं, पण नाव पहिलं बांधणाऱ्याचंच ठेवलं!"

"गुणी होता की राजा."

"हो, पण त्यानं वर लाडू नव्हता ठेवला."

"लाडू नाही, कळस आहे तो!"

"ते भोक लाइट यायला असतं, आई!"

कळस निघाला. दोघी हसल्या. मग स्वानंदीनं पेन घेतलं आणि आपल्या नावाखाली बारीक अक्षरात मराठीत लिहिलं, 'दुरुस्ती आइ'.

'ई दीर्घ' हे नैनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

शाळा बघून झाली. आता इथे निवांत आहे. माझी धूळ झटका, रंग उडाला तर नवा द्या. फक्त तेवढा इ कुणी दीर्घ करू नका.