साहेबाने न काढलेली घरं

ते चित्र माझ्या सासऱ्यांनीच, केसरीनाथांनी, गोदामवाल्या कंपनीच्या माणसाला दिलं. मागितलंही नव्हतं त्याने. कुणा इंग्रज साहेबाने दीडेकशे वर्षांपूर्वी काढलेलं आमच्या वडपे गावाचं चित्र पुतण्याने मोबाइलवर शोधून दिलं आणि बाबा हरखले. "आपला गाव इलायतेत हाय!" म्हणत गावभर दाखवत फिरले.

ग्रामसभेत तेच चित्र पडद्यावर. मागे डोंगर, कडेला ताड, मधे नुसतं गवत, कोपऱ्यात घागर घेतलेली एक बाई.

"बघा," कंपनीचा माणूस म्हणाला, "अंगणवाडीच्या जागी वस्ती कधी नव्हतीच, म्हणजे ती गावठाणाची जागा नाही. पडीक माळ. तो ट्रक पार्किंगला द्या, अंगणवाडी हायवेपलीकडे बांधून देतो."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. चित्राला!

माझी ओवी चार वर्षांची आहे. गल्लीत टेम्पो आला तरी मी तिचं मनगट लाल होईपर्यंत धरते. आणि आता रोज हायवे?

मी उठले. "ती बाई पाणी कुणाच्या घरी नेतेय?"

तो हसला. "ताई, ती शोभेला काढलीय. डोंगर केवढा ते कळावं म्हणून. तेव्हाचे साहेब असंच करायचे."

"म्हणजे नसलेली बाई काढायचे. मग असलेली घरं गाळली नसतील कशावरून? साहेबाच्या दिवाणखान्यात आमच्या कुडाच्या भिंती कुणाला हव्या होत्या?"

"सूनबाय, खाली बस," बाबा पुटपुटले. "साहेब काय खोटा काढील?"

"मग तुमचे पणजोबा कुठे राहायचे, बाबा? गवतात?"

मागून गुणाबाई ओरडली, "अंगणवाडीचा पाया खणला तवा आमचे आजेसासूचा दळायचा जातां निंगाला तिथं! साहेबाला जातां दिसला न्हाय, ती नटवी बरी दिसली!"

सभा हसली. मला हसू येईना. सरपंचांनी विचारलं, "जागा द्यायची नाही म्हणणारे कोण?" आधी बायकांचे हात वर गेले, मग पुरुषांचे. बाबांचे हात मांडीवरच. ठराव नामंजूर झाला.

लॅपटॉप मिटताना तो माणूस बाबांना म्हणाला, "चित्र मात्र सुंदर आहे हो. फ्रेम करून पाठवतो."

"पाठवा. मोठी पाठवा," बाबा म्हणाले.

"पाठवा," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पण आमच्या भिंतीवर ती लागणार नाही."

मी ओवीला अंगणवाडीतून आणायला निघाले.